खरा सुपरमॅन कोणता?

२०२५ च्या जुलै महिन्यात सुपरमॅनवरील नवा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याबरोबर एक जुना वाद नव्याने पेटला. क्रिप्टॉन ग्रहाचा नाश होण्यापूर्वी ज्या मातापित्यांनी आपले तान्हे मूल अवकाशयानातून पृथ्वीकडे धाडले, त्यांनी त्याच्यासाठी ठेवलेल्या संदेशाचा उत्तरार्ध या चित्रपटात उघड होतो. मुलाने पृथ्वीवासीयांवर राज्य करावे, असे त्यात सांगितलेले असते. १९७८ च्या चित्रपटात याच पित्याने मुलाला मानवजातीचा मार्गदर्शक म्हणून पाठविले होते. साहजिकच, हा खरा सुपरमॅन नव्हे, अशी तक्रार अनेक जुन्या चाहत्यांनी केली. अशीच तक्रार २०१३ साली झाली होती. त्या वर्षीच्या चित्रपटात सुपरमॅन आपल्या शत्रूची, जनरल झॉडची, मान मोडून त्याला ठार करतो. सुपरमॅन कधीही कोणाचा जीव घेत नाही हा नियम मोडला गेला, म्हणून चाहते संतापले. परंतु हा नियम कोणी व केव्हा घालून दिला असे विचारले, तर उत्तर देणे जड जाते. १९८८ साली खुद्द चित्रकथेतच त्याने क्रिप्टॉनच्या तीन गुन्हेगारांना देहान्त शासन दिले होते. आणि अगदी आरंभीच्या कथांत तर खलपुरुष त्याच्या डोळ्यांदेखत मरत, पण तो त्याबद्दल फारशी हळहळ करीत नसे.

वरवर पाहता हा वाद पोरखेळ वाटेल. निळ्या पोशाखावर तांबडी चड्डी घालून आकाशात उडणाऱ्या वीराचे खरेखोटेपण ठरविण्यात प्रौढ माणसांनी वेळ का दवडावा, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. (ती तांबडी चड्डीदेखील वादातून सुटलेली नाही. २०११ साली ती काढून टाकण्यात आली आणि २०१८ साली, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात, परत आली.) तथापि आठ दशकांहून अधिक काळ चालू असलेली, असंख्य लेखक-चित्रकारांच्या हातांतून गेलेली ही कथा म्हणजे विसाव्या शतकाने निर्माण केलेली एक निराळीच वस्तू आहे. ती एका लेखकाची कादंबरी नव्हे आणि लोकांच्या तोंडी वाढलेले पुराणही नव्हे. ती एका कंपनीच्या मालकीचे पुराण आहे. अशा कथेची खरी संहिता कोणती आणि ती ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न साहित्याचा जितका, तितकाच मालमत्तेचा आहे. आणि त्या मालमत्तेपायी दोन माणसांची आयुष्ये कशी गेली हे पाहिले, म्हणजे तो पोरखेळ राहत नाही.

ही दोन माणसे म्हणजे जेरी सीगल आणि जो शूस्टर. दोघांचाही जन्म १९१४ चा, दोघेही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, आणि क्लीव्हलँड शहरातील ग्लेनव्हिल हायस्कुलात दोघांची गाठ पडली. सीगल लिहीत असे, शूस्टर चित्रे काढीत असे. महामंदीच्या ऐन भरात, १९३३ साली, त्यांनी स्वतःच काढलेल्या एका हौशी नियतकालिकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम आले. गंमत अशी की, तो सुपरमॅन टक्कल पडलेला, परमनाचा ठाव घेणारा आणि जगावर सत्ता गाजवू पाहणारा खलपुरुष होता. म्हणजे सर्वांत जुना तोच सर्वांत खरा हा निकष लावायचा झाला, तर खरा सुपरमॅन दुष्ट ठरतो! हा विचार दोघांनी लवकरच टाकून दिला, सुपरमॅनला नायक केले आणि पुढची काही वर्षे ते वृत्तपत्रीय चित्रमाला पुरविणाऱ्या संस्थांचे उंबरठे झिजवीत राहिले. सर्वांनी नकार दिला. अखेर १९३८ साली ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ या प्रकाशनसंस्थेने तेरा पानांची कथा पानाला १० डॉलर या दराने घेतली. १३० डॉलरच्या मोबदल्यात कथा तर गेलीच, पण तिच्यातील पात्रही सर्व हक्कांसह आणि कायमचे प्रकाशकाच्या मालकीचे झाले. ज्या धनादेशात या १३० डॉलरचा समावेश होता, तो कागद २०१२ साली लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला.

‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातील सुपरमॅन आजच्या वाचकासमोर आणून उभा केला, तर पोशाखावाचून त्याची ओळख पटणे कठीण जाईल. त्याला उडता येत नाही. त्याची उडी एक अष्टमांश मैलाची, म्हणजे जुन्या हिशेबाने बरोबर एक फर्लांगाची आहे. त्याच्या जन्मग्रहाला नाव नाही. पृथ्वीवर आल्यावर त्याला एक वाटसरू मोटारवाला अनाथाश्रमात पोहोचवितो. प्रेमळ केन्ट दांपत्य पुढच्या वर्षी अवतरते. आणि तो झगडतो कोणाशी? बायकोला मारणाऱ्या नवऱ्याशी, आणि वॉशिंग्टनमध्ये सेनेटराशी संधान बांधणाऱ्या दलालाशी. पुढच्या अंकात तो शस्त्रास्त्रांच्या एका कारखानदाराला प्रत्यक्ष रणभूमीवर नेऊन उभा करतो. तिसऱ्या अंकात खाणमालकाला व त्याच्या श्रीमंत पाहुण्यांना त्यांच्याच असुरक्षित खाणीत कोंडून, मजुरांना काय भोगावे लागते याचा अनुभव देतो. १९३९ च्या आरंभी तर तो शहरातील गलिच्छ वस्ती स्वतःच्या हातांनी जमीनदोस्त करतो, जेणेकरून सरकारला तेथे चांगली घरे बांधणे भाग पडावे. आणि त्याच वर्षी हलक्या दर्जाच्या मोटारी बनविणारा कारखाना मोडून टाकतो. रूझवेल्टच्या ‘न्यू डील’च्या काळात उपासमार पाहिलेल्या दोन तरुणांचे हे स्वप्न होते. त्यांचा सुपरमॅन कायदा पाळणारा नव्हता. पोलीस त्याच्या मागावर असत. तो न्यायाचा पक्षपाती होता, आणि कायदा व न्याय एकच असतात असे तेव्हा क्लीव्हलँडमधील गरिबांना कोणी सांगितले असते, तर त्यांना ते पटले नसते.

हा सुपरमॅन फार काळ टिकला नाही. अंकांचा खप इतका वाढला की, प्रकाशकांना आपल्या मालाची काळजी वाटू लागली. मालमत्ता उद्ध्वस्त करणारा नायक ही धोक्याची वस्तू होती. त्याच्या हातून काय व्हावे आणि काय होऊ नये याची बंधने संपादकांनी घातली, आणि युद्ध सुरू झाल्यावर तर तो सरळसरळ राष्ट्राचा शिपाई झाला. १९४० च्या फेब्रुवारीत रेडिओवर त्याची मालिका सुरू झाली आणि पुढील काही वर्षांत त्याच्या कथेतील अर्ध्या गोष्टी चित्रकथेबाहेरून आल्या. पेरी व्हाइट हा संपादक आणि जिमी ओल्सन हा पोरसवदा सहकारी रेडिओवरून स्थिरावले. ज्याच्या सान्निध्यात सुपरमॅनचे बळ नाहीसे होते, ते क्रिप्टोनाइट १९४३ साली रेडिओवर अवतरले आणि चित्रकथेत यायला १९४९ उजाडले. त्याचे उडणे रेडिओ व १९४१ पासूनचे व्यंगचित्रपट यांमधून रूढ झाले. छातीवरील ‘एस’ अक्षर हे त्याच्या घराण्याचे चिन्ह आहे, ही आज सर्वमान्य झालेली कल्पना १९७८ च्या चित्रपटाची. सत्य, न्याय आणि अमेरिकन जीवनपद्धती यांसाठी तो लढतो, हे ब्रीदवाक्यही रेडिओवरचे, युद्धकाळातले. २०२१ साली कंपनीने त्यातील ‘अमेरिकन’ वगळून ‘उज्ज्वल उद्या’ असा बदल केला, तेव्हा मूळ संहितेला हात लावला म्हणून ओरड झाली. ज्याला मूळ म्हटले जात होते, ते सीगल-शूस्टर यांनी लिहिलेलेच नव्हते.

मूळ संहिता म्हटले की, मराठी वाचकाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण होणे स्वाभाविक आहे. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे कार्य तेथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. देशभरातील हस्तलिखिते मिळवून, ताडून, मागाहून घुसलेले श्लोक वेगळे काढून, उपलब्ध पुराव्यांवरून गाठता येईल असे जुन्यात जुने रूप निश्चित करावयाचे, अशी ती पद्धत होती. हे व्यासांच्या लेखणीतून उतरलेले मूळ आहे असा दावा खुद्द संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी केला नाही. सुपरमॅनच्या बाबतीत अडचण नेमकी उलटी आहे. त्याचे जुन्यात जुने रूप शोधावे लागत नाही. ते तारखेसह छापलेले आहे आणि पहिल्या अंकाची एक प्रत २०२४ साली ६० लाख डॉलरला विकली गेली आहे. पण ते सापडूनही काही उपयोग होत नाही, कारण त्यात सुपरमॅनच सापडत नाही. निदान लोकांच्या मनातला तरी नाही. प्रक्षिप्त भाग काढून टाकला तर महाभारत आटोपशीर होते. सुपरमॅनमधून प्रक्षिप्त काढले तर क्रिप्टोनाइट जाते, ‘डेली प्लॅनेट’ जाते, उडणे जाते. येथे प्रक्षिप्त हेच प्रमाण होऊन बसले आहे.

मग जुनेपणा सोडून लेखकाची इच्छा प्रमाण मानावी काय? येथे एका न छापलेल्या कथेचा वृत्तान्त ध्यानात घेण्यासारखा आहे. १९४० साली सीगल यांनी एक कथा लिहिली. तिच्यात क्रिप्टॉनवरून आलेल्या एका धातूमुळे सुपरमॅनचे बळ जाते, म्हणजे क्रिप्टोनाइटची कल्पना रेडिओच्या तीन वर्षे आधी त्यांनीच केली होती. एका खाणीत लोइस लेनसह अडकल्यावर सर्वांचे प्राण वाचविण्यासाठी तो तिच्यादेखत आपले सामर्थ्य प्रकट करतो, आणि यापुढे ती त्याची रहस्यसखी होणार असे ठरते. ही कथा छापली गेली नाही. क्लार्क केन्ट लोइसवर झुरतो, लोइस सुपरमॅनवर झुरते आणि दोघे एकच आहेत हे तिला ठाऊक नसते, या त्रांगड्यावर विक्री चांगली चालत होती. ते सोडविणे म्हणजे दुभती गाय विकणे. लोइसला ते रहस्य कळायला अधिकृत कथेत १९९१ साल यावे लागले. दोघांचे लग्न १९९६ च्या अखेरीस झाले. सीगल त्याच वर्षीच्या जानेवारीत वारले होते.

सीगल-शूस्टर यांनी १९४७ साली हक्कांसाठी दावा लावला. तडजोड झाली, सुमारे ९४,००० डॉलर मिळाले, त्यांतले पुष्कळसे वकिलांकडे गेले, आणि अंकांवरून दोघांची नावे उतरविण्यात आली. त्यानंतर जे घडले ते कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर अतिरंजित वाटले असते. गरजेपोटी सीगल १९५९ साली त्याच कंपनीत परतले आणि आपल्याच नायकाच्या कथा निनावी, पगारी लेखक म्हणून लिहू लागले. त्या वेळच्या संपादकांनी ‘काल्पनिक कथा’ नावाचा एक प्रकार काढला होता. जे नेहमीच्या कथेत घडू द्यायचे नाही, म्हणजे नायकाचे लग्न, त्याची मुले, त्याचा मृत्यू, ते या सदरात घडवायचे आणि पुढच्या महिन्यात ते घडलेच नाही असे धरून चालायचे. १९६१ साली प्रसिद्ध झालेली सुपरमॅनच्या मृत्यूची काल्पनिक कथा सीगल यांची आहे. ज्याने त्याला जन्म दिला, त्याने लिहिलेला त्याचा मृत्यू ‘खरा’ नव्हता. १९९२ साली कंपनीने दुसऱ्या लेखकांकडून लिहवून घेतलेला मृत्यू मात्र ‘खरा’ ठरला. लाखो प्रती खपल्या, आणि वर्षभराच्या आत सुपरमॅन परत आला.

याचा अर्थ इतकाच की, अधिकृत व काल्पनिक ही विभागणी मालकाची आहे. ती करण्यामागील अर्थशास्त्रही अवघड नाही. कोणत्याही यंत्राप्रमाणे लोकप्रिय पात्रालाही घसारा लागतो. वर्षानुवर्षे साठलेला इतिहास जुन्या गिऱ्हाइकाला बांधून ठेवतो, पण नव्या गिऱ्हाइकाला दारातच अडवितो. पन्नास वर्षांचे मागचे अंक वाचल्याखेरीज चालू अंक समजत नसेल, तर बारा वर्षांचा मुलगा तो विकत घेणार कसा? म्हणून ठरावीक काळाने यंत्र बदलावे लागते. १९६१ पासून कंपनीने समांतर पृथ्वीची युक्ती वापरली. युद्धापूर्वीचे नायक ‘दुसऱ्या पृथ्वी’वर राहतात असे ठरले आणि ‘डेली स्टार’मध्ये काम करणारा केस पिकलेला जुना सुपरमॅन तिकडे सुखाने नांदू लागला. पृथ्व्यांची संख्या हाताबाहेर गेली, तेव्हा १९८५-८६ मध्ये बारा अंकांच्या एका कथेत सगळी विश्वे नष्ट करून एकच शिल्लक ठेवण्यात आले आणि १९८६ साली जॉन बर्न या लेखक-चित्रकाराकडून सुपरमॅनचे चरित्र पुन्हा पहिल्यापासून लिहवून घेतले. बळ कमी झाले, दत्तक आईबाप हयात राहिले, बालपणीचा ‘सुपरबॉय’ नाहीसा झाला. लेक्स ल्यूथर हा वेडा शास्त्रज्ञ त्याच वर्षी कोट्यधीश उद्योगपती झाला. रीगन यांच्या अमेरिकेत खलपुरुषाचा पत्ता प्रयोगशाळेतून कंपनीच्या कचेरीत बदलावा, हे फारसे आश्चर्याचे नव्हते.

हे चरित्र कायमचे असावयाचे होते. पण २००३ साली आणखी एक मूळचरित्र निघाले, २००९ साली आणखी एक. २०११ साली कंपनीने आपली सर्व मासिके पहिल्या क्रमांकापासून पुन्हा सुरू केली. सुपरमॅन पुन्हा तरुण, पुन्हा अविवाहित. २०१६ साली हा नवा सुपरमॅन मारून त्याच्या जागी जुना, विवाहित, मुलाचा बाप असलेला सुपरमॅन आणण्यात आला, आणि २०१७ मध्ये एका कथेत दोघांचे इतिहास एकत्र सांधून दोघे मुळात एकच होते असे जाहीर झाले. ताळेबंद जुळत नाही असे दिसल्यावर दोन खाती एकात मिळविणाऱ्या हिशेबनिसाची आठवण यावी असा हा प्रकार. या खटाटोपात एक गोष्ट फारशा लोकांच्या लक्षात राहिलेली नाही. १९८६ साली ज्याला एका स्वर्गवत् जगात निवृत्त करून ठेवले होते तो ‘दुसऱ्या पृथ्वी’वरचा, म्हणजे १९३८ चा म्हणून मानला जाणारा, वृद्ध सुपरमॅन २००५-०६ च्या एका कथेत परत आला. आपलेच जग खरे होते आणि नंतरचे सगळे बिघडलेले आहे, असे त्याचे म्हणणे होते. कथेच्या शेवटी तो मारला जातो.

थोडक्यात, मालकाचा शब्द अंतिम मानावा तर मालकच दर दहा-पंधरा वर्षांनी शब्द फिरवितो. आणि तसे करण्यात त्याचे नुकसान नाही. वादामुळे अंक खपतात. ज्यांना अधिकृत कथा रुचत नाही त्यांच्यासाठी बाजूला दुसरा माल असतोच. २००३ च्या एका कथेत सुपरमॅनचे यान अमेरिकेऐवजी सोव्हिएत युक्रेनमधील सामुदायिक शेतावर उतरते; २००५ ते २००८ या काळात निघालेली ग्रँट मॉरिसन व फ्रँक क्वायट्ली यांची बारा अंकांची मालिका तर अधिकृत इतिहासाची फिकीर न करता लिहिलेली आहे, आणि पुष्कळ जाणकार तिलाच सर्वोत्तम सुपरमॅनकथा मानतात. सर्वोत्तम कथा ‘खऱ्या’ कथेत मोडत नाही, ही स्थिती त्या ‘खऱ्या’विषयी पुरेसे सांगून जाते.

येथे टीकाकारांचीही एक गफलत नोंदविली पाहिजे. इटालियन विचारवंत उम्बेर्तो एको यांनी १९६२ साली सुपरमॅनवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुराणातील नायकाची कथा ठरलेली असते, कादंबरीतील नायकाचे पुढे काय होणार हे ठरलेले नसते. सुपरमॅनला दोन्ही व्हावे लागते, म्हणून त्याच्या कथेतील काळ स्वप्नातल्या काळासारखा पुढे सरकतच नाही, हे त्यांचे निरीक्षण आजही मार्मिक वाटते. त्याच निबंधात एको यांनी असेही म्हटले की, अमर्याद सामर्थ्य असलेला हा वीर जगातील भूक वा अन्याय दूर न करता बँकलुटारूंना पकडत बसतो. त्याच्या लेखी दुष्टपणा म्हणजे खासगी मालमत्तेवरील घाला. १९५० नंतरच्या सुपरमॅनला हे तंतोतंत लागू पडते. पण खाणमालकाला खाणीत कोंडणाऱ्या आणि झोपड्या पाडून सरकारला घरे बांधायला लावणाऱ्या १९३९ च्या सुपरमॅनला ते मुळीच लागू नाही. भांडवलशाहीचा राखणदार म्हणून सुपरमॅनला नावे ठेवणारे आणि तीच देशभक्ती म्हणून त्याला डोक्यावर घेणारे, दोघेही मालकाने घडविलेल्या एका रूपालाच संपूर्ण सुपरमॅन समजत आले आहेत. मूळचा बंडखोर सुपरमॅन विस्मरणात गेला, यात कालगतीपेक्षा व्यवहाराचा भाग अधिक आहे. म्हणूनच सर्व रूपे सारखीच खरी, ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यावे, असे उदार उत्तर देऊन मोकळे होणे योग्य नव्हे. एकमेव प्रमाण रूप नाही हे मान्य. परंतु रूपारूपांत एक रूप असे आहे की, बाकीची सर्व त्याची ऋणको आहेत. ते चांगले आहे म्हणून नव्हे (शूस्टरची ती घाईत काढलेली चित्रे आणि सीगलचे भडक संवाद आज ओबडधोबडच वाटतात), तर त्याचा मोबदला कधी पुरा चुकता झाला नाही म्हणून.

१९७५ साली सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार अशी घोषणा झाली, तेव्हा सीगल कॅलिफोर्नियातील एका सरकारी कचेरीत कारकुनी करीत होते आणि शूस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगल यांनी चित्रपटाला शाप देणारे एक जळजळीत पत्रक काढून वृत्तपत्रांना धाडले. व्यंगचित्रकारांनी चळवळ उभी केली, लोकमत खवळले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीने दोघांना प्रत्येकी सालिना २०,००० डॉलर देण्याचे आणि ‘निर्माते’ म्हणून त्यांची नावे पुन्हा छापण्याचे मान्य केले. त्याच चित्रपटात मार्लन ब्रँडो यांना सुपरमॅनच्या बापाच्या काही मिनिटांच्या भूमिकेसाठी सुमारे ३७ लाख डॉलर मिळाले. पडद्यावरचा बाप आणि कागदावरचे बाप यांच्या प्राप्तीतील हे अंतर मागणी-पुरवठ्याच्या नियमाने सहज समजावून सांगता येईल, पण समर्थनीय ठरविता येईल असे वाटत नाही.

पुढे सीगल यांच्या वारसांनी १९७६ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीचा आधार घेऊन हक्क परत मागितले. या खटल्यात, खरा सुपरमॅन कोणता हा चाहत्यांचा प्रश्न न्यायाधीशांपुढे आला. २००८ साली कनिष्ठ न्यायालयाने पहिल्या अंकातील सुपरमॅनवरील सीगल यांचा वाटा वारसांकडे परत जातो असा निर्णय दिला, आणि आरंभीच्या काळातील आणखी कोणती पाने त्या वाट्यात येतात याची २००९ मध्ये छाननी केली. पोशाख, दुहेरी ओळख, लोइस लेन एकीकडे; क्रिप्टोनाइट, ल्यूथर आणि नंतरची सारी भर दुसरीकडे. एकाच माणसाची अशी वाटणी पूर्वी कोणा पंचांनी केली नसेल. २०१३ साली वरिष्ठ न्यायालयाने हा निकाल फिरविला. २००१ मध्ये वारस व कंपनी यांच्यात झालेला समझोता बंधनकारक आहे असे ठरले, आणि सगळा सुपरमॅन पुन्हा एका मालकाकडे गेला.

पण तोही कायमचा नाही. अमेरिकन कायद्याप्रमाणे १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या साहित्याचा कॉपीराइट ९५ वर्षांनी, २०३३ च्या अखेरीस, संपतो. मिकी माऊसच्या बाबतीत हे २०२४ च्या १ जानेवारीस घडले. १९२८ चा मिकी सार्वजनिक झाला, नंतरच्या चित्रपटांतले रूप मात्र राखीव राहिले. सुपरमॅनचेही तसेच होईल. प्रत्येक रूप आपापल्या जन्मवर्षाच्या हिशेबाने सुटत जाईल, आणि नाव व चिन्ह यांच्यावरील व्यापारी हक्क कंपनी त्यानंतरही सांभाळून राहील. क्रिप्टॉन हे नाव आणि केन्ट दांपत्य १९३९ चे, म्हणून ते २०३५ मध्ये. ‘डेली प्लॅनेट’ आणि ल्यूथर १९४० चे, म्हणून २०३६ मध्ये. उडण्यावरून वकिलांमध्ये बराच काळ चर्चा चालेल. २०३४ च्या १ जानेवारीस जो प्रथम कोणाच्याही परवानगीवाचून काढता येईल, तो निनावी ग्रहावरून आलेला, अनाथाश्रमात वाढलेला, ‘डेली स्टार’मध्ये नोकरी करणारा आणि एका दमात एक फर्लांग उडी मारून खाणमालकाच्या दारात उतरणारा सुपरमॅन असेल.